दादाच्या तेलाच्या गोळ्या

प्रिय दादा,

फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दुसरी ऐकून तू माझ्याशी बोलशील की नाही, कोण जाणे. म्हणून आधी पहिली. तुझ्या रक्तातल्या सुजेचा आकडा सहा महिन्यांपूर्वी नऊ होता, परवाच्या तपासणीत चार आला! मी तीनदा पाहिला.

सहा महिन्यांपूर्वी त्या दिवशी तू चाकणच्या कारखान्यातून, शिफ्ट सुटल्यावर थेट आमच्या हॉस्पिटलात आला होतास. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तुला धाप लागली. बुटाची लेस सुटली होती आणि वाकून बांधता येत नव्हती. आता न्हाई जमत मंजे, म्हणालास आणि वर हसलास. आपले अण्णा गेले तेव्हा एवढ्याच वयाचे होते रे, आणि पोटही असंच होतं. लेस मी बांधली आणि तेलाच्या गोळ्यांनी अंगातली सूज उतरते का, या आमच्या अभ्यासात तुझं नाव घातलं.

खरं सांगू? चरबी म्हणजे आळस, असं मीही समजायचे. तुला ढोल्या म्हणण्यात तर माझा पहिला नंबर. मग एकदा हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली चरबीचा तुकडा दाखवला. दादा, मी थक्क झाले! भिजल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या पेशी, आणि त्यातल्या मरू घातलेल्या एकेकीभोवती रक्षक पेशींनी धरलेला फेर. जखम कुठेच नाही, तरी ही फौज थांबायला तयार नाही. तीच ती सूज. आपण ज्याला नुसतं वजन म्हणतो, तिथे केवढी धामधूम चालते! हे सगळं अंगात वागवत तू आठ-आठ तास प्रेस मशीनवर उभा राहतोस, या विचाराने माझे डोळे भरून आले.

आता दुसरी गोष्ट. गोळ्या जवसाच्या तेलाच्या आहेत, हे मी तुला खोटं सांगितलं. निम्म्या लोकांना माशाचं तेल होतं, निम्म्यांना तुलनेसाठी नुसतं मक्याचं. कुणाला कुठलं, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. तू चष्मा विसरला होतास, संमतीपत्र मी वाचून दाखवलं आणि माशाची ओळ गाळली. तुझ्या गळ्यातली तुळशीची माळ समोर दिसत असताना गाळली. त्यानंतर दर एकादशीला ती माळ माझ्या डोळ्यांसमोर यायची. काल याद्या उघडल्या. तुला मक्याचं तेल होतं, दादा! मग सूज उतरली कशी? डॉक्टरबाईही छातीठोक सांगत नाहीत. मला वाटतं, गोळ्यांबरोबर सुरू केलेलं तुझं रोजचं चालणं आणि वर्षालीवहिनीने सांभाळलेलं ताट. एवढ्यावर शरीर इतकं सावरतं, याचं नवल अजून ओसरत नाही. तुझी माळ शाबूत आहे. मी गप्प बसले असते, तर तुला कधी कळलंही नसतं. पण मक्याचं तेल निघालं, यात माझा काहीच चांगुलपणा नाही. आज डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, आता तुला. रविवारी चऱ्होलीला तुझ्याकडे येते आहे. माझ्या हातचा चहा घेणार की नाही, तेवढं दारातच सांग.

तुझीच,
मंजू