दुसरा जिना

सोमवार, ३ फेब्रुवारी

बोलले! शेवटी एकदाची बोलले! निवडून आल्यापासून मागच्या बाकावर नुसती बसून होते. वार्ताहरांनी तर नावच ठेवलं होतं — कोपऱ्यातल्या बाई. आज कोपऱ्यातून आवाज आला तर सगळ्यांच्या माना वळल्या.

विधेयक आमच्याच सरकारचं. वरच्या मजल्यावर जिथे माणसं जमतात — कारखाने, शिकवण्या, वसतिगृहं — तिथे दुसरा जिना पाहिजेच, नाहीतर इमारतीला टाळं. छान! मंत्र्यांनी वाचून दाखवलं, आम्ही बाकं वाजवली. पण नवव्या कलमाला हळूच एक शेपूट जोडलेलं: 'विशेष बाबतीत मंत्री सूट देऊ शकतील.' म्हणजे झालंच की! जुन्या नियमातही हेच होतं. माझ्या मतदारसंघातल्या शिवणकामाच्या कारखान्याला अशीच सूट होती. आग लागली तेव्हा बायकांनी खिडकीतून उड्या मारल्या. एक जागीच गेली. दुसरी अजून काठी टेकत चालते, आमच्याच गल्लीत राहते.

तेच बोलले. "अध्यक्ष महाराज, सूट कागदावर होती, धूर जिन्यात होता." आवाज कसा खणखणीत निघाला!

दादाचा फोन. वडील गेल्यावर या भावानंच मला शिकवलं, निवडणुकीत दारोदार चपला झिजवल्या त्याही यानंच. मुलींचं वसतिगृह चालवतो. जेवणघरातला टीव्ही लावून सगळ्या मुलींना माझं भाषण ऐकवलं म्हणे. "चिमणे, पोरींनी टाळ्या वाजवल्या गं. आणि मी रडलो." मीही रडले. त्यात काय लपवायचं!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रतोदांनी बोलावून झापलं. प्रतोद म्हणजे आमच्या पक्षाचे मास्तर — कुणी कधी हो म्हणायचं, कधी नाही, सगळं तेच ठरवतात. "बाई, विधेयक आपलं, मंत्री आपले. तुम्ही कुणाच्या?"

"मतदारांची."

"पुढचं तिकीट मतदार देणार आहेत का?"

यावर फर्मास उत्तर गाडीत बसल्यावर सुचलं, पण आता काय उपयोग!

तरी दुरुस्ती दाखल केलीच. सूट देणारं ते वाक्य वगळावं, बस्स. तिकीट गेलं तर गेलं. — लिहायला सोपं आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

समितीची सुनावणी. आजचा दिवस सोन्याचा! खात्याचे सचिव साक्षीला. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचीच भाषा. "प्रत्येक प्रकरण गुणवत्तेवर तपासलं जातं."

"कोण तपासतं?"

"मंत्रिमहोदय."

"इमारत बघायला जातात?"

"तसा प्रघात नाही."

"बरं. सूट मागितली आणि नाही म्हटलं, असं कधी झालंय?"

सचिवांनी मागे उपसचिवांकडे पाहिलं. उपसचिवांनी मागे कारकुनाकडे. कारकुनानंही मागे वळून पाहिलं — मागे भिंत! "आत्ता आठवत नाही," सचिव म्हणाले. समितीचे अध्यक्ष एरवी पेंगत असतात, ते टक्क जागे झाले. "आठवत नाही, की झालंच नाही?" त्यांनीच विचारलं! मला हसू आवरेना. पाणी पिण्याच्या निमित्तानं तोंड लपवलं.

बाहेर व्हरांड्यात मंत्र्यांनी गाठलं. माणूस वाईट नाही. "अहो बाई, लोक दारात येऊन बसतात, हात जोडतात. नाही म्हणवत नाही." म्हटलं, "मग मंत्री कशाला झालात? एवढं मऊ काळीज असेल तर घरी बसावं!" तोंड पाडून गेले. मी अशी काही हवेत होते की जिन्यावरून उड्या मारतच खाली आले.

घरी ह्यांना सगळं साभिनय करून दाखवलं. हे म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या संसारात मी एक वाद जिंकलो नाही, तो सचिव काय जिंकणार होता!"

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पेपरात फोटो! तोंड उघडं, बोट वर. सासूबाईंनी चष्मा लावून निरखून पाहिला. "घरात अशीच दिसतेस."

बुधवार, २६ फेब्रुवारी

जिंकले!!

सगळं नीट लिहून काढायचंच. आमच्या सभागृहाचा एक रिवाज आहे: दुरुस्ती पुकारली तेव्हा मांडणारा जागेवर नसेल, तर दुरुस्ती बाद. चहाला गेला म्हणा, फोनवर होता म्हणा — बाद म्हणजे बाद. चांगल्या चांगल्या लोकांच्या दुरुस्त्या अशा गेल्यात. म्हणून सकाळी जी बाकावर बसले ती उठलेच नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही, उगाच उठायची वेळ नको!

दुपारी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. 'साहेबांनी दालनात ताबडतोब बोलावलंय.' साहेब म्हणजे आमचे नेते, सरकारचे प्रमुख. पाचावर धारण बसली. वर पाहिलं तर प्रतोद छताचं नक्षीकाम बघत उभे. जन्मात कधी छताकडे न बघणारा माणूस! डाव कळला. शिपायाला म्हटलं, "साहेबांना सांगा, बाई चिकटल्यात, उठता येत नाही." शेजारचे आमदार खुसखुसले. आणि पाचच मिनिटांत माझं नाव पुकारलं!

मी मांडली. छोटं भाषण. मंत्र्यांनी विरोध केला. विरोधी बाकं माझ्या बाजूनं, पण ती मूठभर. आमची बाकं गच्च भरलेली, आणि सगळ्यांना हुकूम: 'नाही' म्हणायचं. संपलं, असंच वाटलं मला. अध्यक्षांनी आवाजी मत घ्यायला सुरुवात केली. "दुरुस्तीला अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे—"

आणि आमची अख्खी बाकं गरजली, "होय!"

सवय! दुसरं काय? सत्ताधारी बाकांवर बसलेल्या माणसानं आयुष्यभर पहिल्या हाकेला 'होय'च म्हटलेलं असतं. कोण फोनमध्ये, कोण डुलक्या काढतंय, अध्यक्षांचा सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. खुद्द मंत्रीसुद्धा म्हणाले! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! म्हणाले आणि पटकन तोंडावर हात ठेवला. मग 'नाही' विचारलं तेव्हा एकटे प्रतोद ओरडले, तेही घसा बसल्यासारखे. "होयचे बहुमत, दुरुस्ती संमत," अध्यक्ष म्हणाले. प्रतोद नाचायला लागले — मोजणी घ्या, मोजणी घ्या! अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सन्माननीय सदस्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही का? पुढचं कलम."

विरोधकांनी बाकं बडवली. मग आमच्यातल्याही काहींनी. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. कारखान्यातली ती गेलेली बाई डोळ्यांसमोर उभी राहिली.

रविवार, २ मार्च

गावी आले. दादानं स्टेशनवर हार घातला. वसतिगृहातल्या पोरींना सगळा किस्सा दोनदा सांगावा लागला, 'होय!' त्या सगळ्या मिळून ओरडत होत्या. दादाची छाती अशी फुगलेली की शर्टाची बटणं तुटतील असं वाटत होतं.

घरी येताना काठीवाल्या बाई दारात उभ्या. आतून खुर्ची आणली, पदरानं पुसली, मला बसवलं.

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी खरंच बोलावलं, या वेळी चिठ्ठी खरी. वाटलं, गेलं तिकीट! म्हणाले, "पेपरवाले तुमचंच नाव घेताहेत. हे खातं तुम्हीच सांभाळा आता." जुन्या मंत्र्यांना दुसरं खातं दिलं. मी! मंत्री! हे म्हणतात, तोंड बंद करायला खुर्ची दिली. म्हणेनात का! खुर्ची तर माझी आहे! दादाला फोन केला तर पलीकडून नुसता हुंदका. "वडील असायला हवे होते गं."

मंगळवार, १८ मार्च

खुर्ची फार उंच आहे. पाय टेकत नाहीत!

शुक्रवार, ११ एप्रिल

कायदा लागू झाला, तपासणी जोरात. पहिल्या फेरीतच कितीतरी इमारतींना नोटिसा. सभागृहात विरोधकांनी विचारलं, "सत्ताधाऱ्यांच्या माणसांनाही नोटिसा जातात का?" मी उठून म्हटलं, "कुणाचाही अपवाद नाही. करायचा म्हटलं तरी मला करता येत नाही. विचारून बघा!" दोन्ही बाजूंची बाकं वाजली. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं उत्तर.

गुरुवार, २४ एप्रिल

दादा दालनात आला होता. वसतिगृहाला नोटीस. जिना एकच, मागे शेजाऱ्याची भिंत, दुसरा बांधायला जागाच नाही. "चिमणे, पोरींच्या परीक्षा होईपर्यंत तरी. तुझ्यापुढे हात जोडतो." आणि खरंच जोडले! म्हटलं, "दादा, कायद्यानं माझ्या हातात काही ठेवलेलंच नाही." तो उठून गेला. पाणीही घेतलं नाही.

अधिकार असता तर दिली असती सूट. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत सही केली असती.