तळघरात उतरण्याआधी: कोणती बाटली कोणाची

मी, एमेट गेरिट व्हॅन डायन, वय वर्षं तेवीस, धंदा द्राक्षबाग आणि वाइन, शिक्षण अर्धवट, राहणार मिलर्स लँडिंग, सेनेका सरोवराचा पूर्व काठ, राज्य न्यूयॉर्क, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. समोर बसलेले शेजारी टटलकाका यांचं मत वेगळं आहे. ते त्यांनी स्वतःजवळ ठेवावं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी प्यायलेलोही नाही. सकाळपासून कॉफीशिवाय काही घशाखाली गेलेलं नाही.

मृत्युपत्र आजच का, ते आधी सांगतो, म्हणजे मी जीव द्यायला निघालो होतो असं मागाहून कोणी म्हणू नये. मला मरायचं नाही. मुळीच नाही मरायचं. या स्वयंपाकघराच्या खाली आमचं दगडी तळघर आहे आणि त्यात यंदाच्या फसफसत्या वाइनच्या बाटल्या रचलेल्या आहेत. ही वाइन आंबणं पुरतं संपायच्या आतच बाटलीत भरतात. उरलेली साखर आत आंबते आणि तिचे बुडबुडे होतात. साखर थोडी उरली तर बुडबुडे, जास्त उरली तर बॉम्ब. आमची जास्त उरली. त्यात उद्याच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणापर्यंत ती तयार व्हावी म्हणून मी तळघरात आठवडाभर हीटर लावून ठेवला. काल पहिली बाटली फुटली. एक फुटली की तिच्या काचा शेजारच्या दोघींना घेऊन जातात. हीटर कालच बंद केला, पण त्या भिंती ऊब सोडायला तयार नाहीत.

उद्या दुपारी या टेबलाभोवती सगळं घर जमेल. पोरं याच जमिनीवर नाचतील. आणि ऑगस्टा आत्या, बाबांची थोरली बहीण, आल्या आल्या बटाटे काढायला तळघरात उतरेल. तिला ‘उतरू नको’ म्हणणं म्हणजे हाताला धरून उतरवणं.

उपाय एकच, थंडी. सरोवराकडच्या भिंतीत लोखंडी झडप आहे. ती उघडली तर बाहेरचा वारा सकाळपर्यंत बाटल्या गारठवेल, आणि गारठलेली वाइन झोपी जाते. पण झडपेचा अडसर आतून आहे. टटलकाका म्हणाले, बाहेरून ट्रॅक्टरने ओढू. झडपेच्या दोन्ही अंगांना बाटल्यांच्या राशी आहेत. हादरा बसला की सगळ्याच जातील, आणि वर आहे तो हा लाकडी फळ्यांचा मजला. म्हणजे कोणीतरी जिना उतरून, दोन राशींच्या मधून चालत जाऊन, हाताने अडसर काढणं आलं. बाबांचा उजवा डोळा याच तळघरात एका बाटलीने नेला. मी तेव्हा जिन्यावर उभा होतो. त्या आवाजानंतर बाबा ओरडले नाहीत. ‘एमेट, खाली येऊ नको,’ एवढंच म्हणाले.

आत्ता खाली एक बाटली गेली. कपातली कॉफी हलली. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

कलम एक. बाबांमागे माझ्याकडे आलेला घराचा अर्धा हिस्सा ऑगस्टा आत्याला, उरलेला अर्धा तिचाच आहे. अट अशी की लग्नाचा हॉल बांधायला आमची बाग मागणाऱ्या त्या माणसाला तिने पायरीवरसुद्धा बसवू नये. तो वेली उपटून मंडप टाकेल आणि त्यात कुठून तरी आणलेली वाइन पाजेल.

कलम दोन. माझं काही झालं तरी उद्याचं जेवण रद्द करू नये. ते टटलकाकांच्या घरी करावं. टर्की तिथेही भाजता येते. टर्कीबरोबर बाबांनी वरच्या उतारावर लावलेल्या वेलींची रीसलिंग, म्हणजे गोडवा नसलेली कोरडी पांढरी वाइन, उघडावी. पिण्याजोगी सगळी वाइन मी कालच लाकडाच्या खोपीत हलवली आहे, तेव्हा बाटल्या तिथे मिळतील. या रीसलिंगला हिरव्या सफरचंदाचा आणि ओल्या दगडी पाटीचा वास आहे. टर्कीचं मांस कोरडं पडतं, तिचा आंबटपणा त्याला ओलावा देतो. आत्या तिला बर्फासारखी गार करते आणि मग म्हणते, “पाणीच आहे की रे हे!” आत्या, बाटली जरा टेबलावर राहू दे. तिला बोलायला थोडा वेळ लागतो, बाबांना लागायचा तसाच.

कलम तीन. चुलतभाऊ रॉइस याला कटॉबाच्या सगळ्या बाटल्या. कटॉबा हे इथलंच जुनं गुलाबी द्राक्ष, शहरातले लोक त्याला नाकं मुरडतात. रॉइस प्रत्येक वाइनमध्ये बर्फ आणि सोडा घालतो. मागच्या नाताळात त्याने माझ्या लेंबर्गरमध्ये घातला, मी त्याची कॉलर धरली, आणि आत्याने आम्हा दोघांनाही बर्फात उभं केलं. रॉइस, कटॉबाला बर्फ सोसतो. तिला जंगली स्ट्रॉबेरीचा वास आहे, नाताळच्या खारट हॅमबरोबर आणि क्रॅनबेरीच्या चटणीबरोबर ती झकास लागते. घाल हवा तेवढा बर्फ. मी बघायला नसेन.

लेंबर्गरला मात्र हात लावायचा नाही. ती मिरीसारखी तिखट लाल वाइन आत्याने हरणाच्या मटणासाठी राखावी.

कलम चार. कॉलेजातला माझा खोलीसोबती विन्स्लो याने मिझुरीतल्या आपल्या काकांच्या बागेतली नॉर्टन वाइन मला पाठवली होती. शाईसारखी काळी, जरा धुरकट, पहिल्या घोटाला माणसाशी भांडते. ती त्याला परत द्यावी. नाताळला भाजलेल्या गोमांसाबरोबर उघड, विन्स्लो, पण सकाळीच सुरईत ओतून ठेव. भांडकुदळांना हवा लागली की ते निवळतात. माझ्यावर हा प्रयोग कोणी केला नाही.

कलम पाच. ज्या प्राध्यापकांनी भरवर्गात मला म्हटलं, “व्हॅन डायन, तुमच्या भांड्यात घाईशिवाय काहीच आंबत नाही,” आणि ज्यांच्यामुळे मी त्याच दुपारी कॉलेजला रामराम ठोकला, त्यांना तळघरातल्या एखाद्या फुटक्या बाटलीचा तळ द्यावा. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

आणखी दोन. लागोपाठ. काका म्हणाले, “पोरा, आवर. लिहितोयस का कादंबरी?”

कलम सहा. बर्फवाइन. वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांचा रस थेंब थेंब पिळून केलेली, जर्दाळूच्या मुरांब्यासारखी दाट. ही मी टटलकाकांच्या नावे लिहिली होती. मग त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली आणि घोटाळा झाला.

“म्हणजे सही मी करायची आणि मिळायचं काहीच नाही?”

“कायदाच आहे, काका. साक्षीदाराच्या नावे ठेवलेलं रद्द होतं.”

“कायदा करणाऱ्याने ती वाइन चाखलेली दिसत नाही.”

“दोन सह्या लागतात, आणि इथे दुसरा कोण आहे? टपालवाल्या बाईंची गाडी फाट्यावर बर्फात रुतलीय.”

“मग कर रद्द. ऐंशीव्या वर्षी शिकलो, चांगुलपणा तोट्याचा.”

तेव्हा बर्फवाइनही आत्याला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिने ती निळ्या बुरशीच्या चीजबरोबर आणि पिकल्या नासपतीबरोबर अगदी लहान पेल्यांत द्यावी, आणि टटलकाकांना जेवायला बोलवावं. पाहुणचाराला कायद्याची बंदी नाही.

कलम सात. बाबांचं चामड्याचं एप्रन आणि जाळीचा मुखवटा. डोळा गेल्यावर त्यांनी तो विकत आणला आणि पुढे कधी घातला नाही. म्हणायचे, आता राखायला एकच उरलाय, त्याने तरी नीट बघू दे. आज ते दोन्ही मी घालतोय. धड राहिले तर माझ्यानंतर जो कोणी त्या तळघरात उतरेल त्याचे. तो माणूस आत्या नसावी, एवढंच मागणं आहे.

कलम आठ. हे मी तीनदा लिहून फाडलं. वरच्या उतारावरचा बाबांचा रीसलिंगचा तुकडा, सगळ्या वेलींसकट, डेलिया सोब्चॅक हिला. ती आमच्याकडे पहिल्यांदा आली ती हिवाळ्यात, वेलींच्या छाटणीला. तिने छाटलेली वेल वसंतात ओळखू येते, हात वर करून उभी राहिल्यासारखी. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बर्फात गळ्यापर्यंत पुरलेली जी एक बाटली आहे, तीही तिची. त्या फसफसत्या वाइनची ती एकच बाटली मी वेळेत वर आणली. आता ती गारठली आहे, धोका नाही. तरी उघडताना तोंड भिंतीकडे धरावं आणि वर टॉवेल टाकावा. चव कशी आहे मला माहीत नाही. लेबलावर ‘डेलिया’ लिहिलंय. सगळ्यांवरच लिहिलंय. खाली जे फुटतंय त्या सगळ्यांवर.

बाटल्या भरायच्या दिवशी तिने साखर मोजली आणि म्हणाली, “अजून खूप आहे, एमेट. दहा दिवस थांब.” मी म्हणालो, “तुला घाबरायची सवयच आहे.” ती शनिवारी ऑरेगनला चाललीय, तिथल्या एका बागेत तिला काम मिळालंय. मला थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, तिच्या नावाची बाटली उघडायची होती आणि एक प्रश्न विचारायचा होता. दहा दिवस माझ्याकडे नव्हते. प्रेमात पडलेल्या माणसाच्या हाती साखर मोजायचं काम देऊ नये. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मीही बोललेलो नाही, कारण मी व्हॅन डायन आहे.

ही आता मोठी होती. काहीतरी कोसळलं.  लिहितोय तोवर खाली जावं लागत नाही, हे काकांना कधीच कळलंय. म्हणूनच ते ‘आवर’ म्हणतात आणि पुन्हा माझा कप भरतात.

कलम नऊ लिहिणार होतो, पण बाहेर गाडी थांबली. काका एकाएकी छताकडे बघू लागले.

“काका, फोन केलात तुम्ही?”

“दुसरा साक्षीदार नको का तुला?”

पुढचं लिहिताना डेलिया समोर उभी आहे, बुटांना बर्फ तसाच. मला वाटलं म्हणेल, ‘मी सांगितलं होतं.’ ती म्हणाली, “मुखवट्याचा पट्टा उलटा बांधलायस.” आणि सोडून नीट बांधला. तिची बोटं गार होती. मग तिने हा कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. आठव्या कलमाशी फार वेळ थांबली. मधे खाली एक गेली, तेव्हा तिनेही डोळे मिटले. तिला घाबरायची सवय नाही. ते मी खोटं बोललो होतो.

“मीही येते खाली,” ती म्हणाली.

“मुखवटा एकच आहे.”

“मग मी जिन्याच्या तोंडाशी बॅटरी धरते. तू डावीकडून जा. डावीकडची रास आपण उशिरा भरली होती, तिच्यात साखर कमी असेल.”

“डेलिया, दारामागे उभी राहा. उघड्या दारात नाही.”

“हुकूम नंतर सोड. सही कुठे करायची?”

“तुला नाही करता येणार. तुझ्या नावे जमीन आहे. साक्षीदार झालीस तर आठवं कलम रद्द.”

“माहीत आहे. म्हणूनच करतेय.”

“तो बाबांचा तुकडा आहे. मी तुला...”

“मेलेल्या माणसाची जमीन मला नको, एमेट. आणि ती बाटली मी एकटी भिंतीकडे तोंड करून उघडणार नाही. काही द्यायचं असेल तर वर येऊन दे.”

काकांनी तोंडावर बाही धरली. हसत होते की काय, ते त्यांनाच माहीत.

सबब नमूद करतो की कलम आठ साक्षीदाराच्या हट्टापायी निकामी झालं आहे. मी खालून परत आलो नाही तर तो तुकडाही आत्याकडे जाईल. परत आलो तर या कागदाची किंमत शून्य, असं डेलिया म्हणते, आणि निदान एवढ्या बाबतीत कायदा तिच्या बाजूने आहे. माझी भीती कमी झालेली नाही. उलट वाढलीय. सकाळी गमवायला डोळे होते, आता आणखी काही आहे.

वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली, आणि त्या दोघांनी माझ्या देखत.

एमेट गेरिट व्हॅन डायन

साक्षीदार पहिला: अर्ल टटल, शेजारी. पोरगं शुद्धीवर आहे. सकाळी नव्हतं.

साक्षीदार दुसरी: डेलिया सोब्चॅक. यातलं मला काही मिळू नये म्हणून ही सही. ऑरेगनला जायचं की नाही, ते झडप उघडल्यावर सांगेन. वर येऊन विचार.

मुक्काम मिलर्स लँडिंग, स्वयंपाकघराचं टेबल. बुधवार, २१ नोव्हेंबर २०१८, अजून उजेड आहे.