बर्फाची लादी

बल्लारपूर, मंगळवार, वैशाख १९५७

आज आमच्या मच्छीमार सोसायटीची मासळी पहिल्यांदाच नागपूरला जायची होती. सरकारनं लाकडी पेटी दिली होती, सकाळच्या गाडीनं भुशात गुंडाळलेली बर्फाची लादीही आली. मी सोसायटीचा चिटणीस, पण माझं लक्ष कुठे होतं! घरी बायको, सुमन, तापानं फणफणलेली. औषधानंही उतार नाही.

कपाळावर बर्फाच्या घड्या ठेवता आल्या असत्या. बर्फ सगळ्यांचा, मागायचा कसा? पण सोसायटीतल्याच चंद्राबाई ढिवरणीनं माझा चेहरा पाहून सारं विचारून घेतलं, कुऱ्हाड उचलली आणि अर्धी लादी तोडली.

"बाई, मासळी नासेल ना!"

"मासोया उद्या अखीन भेटतीन, भाऊ. सुमनबाई कुठून आनाव? जा घरी!"

उरलेल्या बर्फात नागपूर गाठणं शक्यच नव्हतं. चंद्राबाई मासळी जवळच्या चांद्याच्या बाजाराला घेऊन गेली, तीही हसत.

दुपारभर मी सुमनच्या कपाळावर बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसलो. संध्याकाळी ताप उतरला. तिनं डोळे उघडले, माझा उजवा हात धरला. "किती थंड!" म्हणाली आणि तसाच गालाशी धरून झोपी गेली.

अक्षर वाकडं येतंय. डाव्या हातानं लिहितोय.