परातवालीचा चेहरा

रोक्कामोरा, ८ एप्रिल १९७४

चि. ग्वेरिनो यास,
अ. उ. आ.

मी ठीक, कोंबड्या ठीक, आणि किल्ल्याच्या एकशे बारा पायऱ्याही जागच्या जागी आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो?

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. गेले तीन गुरुवार लाल छत्रीवाली एक बाई पार्म्याहून येते. तिकीट काढते आणि बुरूज नको, दिवाणखाना नको, थेट नवरीच्या दालनात जाऊन भिंतीवर रंगवलेल्या, परात धरलेल्या दासीसमोर उभी राहते. या गुरुवारी तर तिने भिंत बोटाने ठोकून पाहिली. मी खोकले, तर हिने भिंग काढलं! मी म्हटलं, बाई, नवरी पलीकडे आहे. तर म्हणे, मला दासीच बघायची आहे. यात कुठेतरी पाणी मुरतंय, ग्वेरिनो.

मी त्या दासीला का जपते ते तुला सांगायला नको. साथीत आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, तू अकरा महिन्यांचा. फोटो काढायला पार्म्याला जाऊ, जाऊ म्हणत ते राहूनच गेलं. त्याच हिवाळ्यात छत गळून दासीच्या चेहऱ्याचा गिलावा पडला, आणि आपल्या राखणदार बाबांनी, हात गवंड्याचा असूनही, तिथे नवा गिलावा करून आईचा चेहरा रंगवला. पुढे कुणा प्राध्यापकाने पुस्तिकेत छापलं, की अख्ख्या किल्ल्यात थोर चित्रकाराच्या खास हातचा असा हा एकच चेहरा! पंचवीस वर्षं मी ते पाहुण्यांना न हसता ऐकवते आहे. खरं तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मग ही बाई तिथेच का घुटमळते?

गुडघ्याला कोबीचं पान बांध. डॉक्टरपेक्षा माझं ऐक.

तुझी बहीण,
आर्जिया

*

पार्मा, १५ एप्रिल १९७४

ती. आर्जियाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. गेल्या वर्षी तुला टपालवालाही चोर वाटला होता; त्याने नेलं काय, तर तूच दिलेली अंडी.

आमच्या चित्रशाळेत वसंतामुळे गर्दी आहे. लोक आधी मोठ्या देवळाचा घुमट बघून येतात आणि मान धरून माझी पहारेकऱ्याची खुर्चीच मागतात. मी देत नाही. आठ तास उभं राहायचं आणि वर माणुसकीही दाखवायची, हे या गुडघ्याला झेपत नाही.

त्या बाईचं मनावर घेऊ नकोस. देल्फिनाबाई सज्जन आहेत, जुन्या चित्रांची डागडुजी हेच त्यांचं काम. बघू दे की बघतात तर. बरं, त्या भिंतीला ओल आली आहे असं तूच नाताळात लिहिलं होतंस. ओल काय कुणाची आई बघून थांबते?

लोभ आहे तसाच असू दे, संशय थोडा कमी कर.

तुझा,
ग्वेरिनो

*

रोक्कामोरा, २ मे १९७४

ग्वेरिनो,

आशीर्वाद पुढच्या पत्री, आधी उत्तर दे. मी तुला तिची छत्री लिहिली होती, नाव नव्हतं लिहिलं. मलाच ते ठाऊक नव्हतं! परवा सरकारी कागद आला, त्यावर वाचलं. दासीचा चेहरा नंतर रंगवलेला आहे म्हणे, तो जूनमध्ये काढणार. खाली देल्फिनाबाईंची सही.

चोर बाहेर शोधत बसले आणि तो निघाला घरातच. तू सांगितलंस ना? किती दिवस भेटता आहात? काय कबूल केलंय तिने तुला? आईला भिंतीवरून खरवडायला निघालास, तुझी जीभ कशी झडली नाही रे!

दालनाची किल्ली मी पिठाच्या डब्यात पुरली आहे. येऊ देत कोण येतंय ते.

आर्जिया

*

पार्मा, ६ मे १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, मीच सांगितलं. फेब्रुवारीत देल्फिनाबाई आमच्या चित्रशाळेत कामाला आल्या, तेव्हा.

खरवडणार नाहीत गं. चित्रावर सरस लावून कापड चिकटवतात आणि वाळलं की रंगाचा पापुद्रा अलगद ओढून घेतात. बाबांनी रंगवलेलं सरकारला नको आहे; ते घरच्यांनी न्यावं, असं त्या लिहून देतील. भिंतीवर राहिलं तर दोन हिवाळ्यांत बुरशी खाईल.

पण खरं कारण हे नव्हे, तुझ्याशी खोटं नाही बोलणार. सहा वर्षं झाली मला त्या पायऱ्या चढून. दिवसभर मी दुसऱ्यांच्या आया राखतो, ताई. सोन्याच्या चौकटीतल्या, मांडीवर बाळ घेतलेल्या. तुला आईचा हात आठवतो, आवाज आठवतो. मला फक्त ती परातवाली, आणि तीही आता नीट आठवेना. एकदा जवळून बघायची होती.

तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. किल्लीसुद्धा कधी माझ्या हातात दिली नाहीस.

रागव, पण लिहीत राहा.

ग्वेरिनो

*

रोक्कामोरा, २४ जून १९७४

चि. ग्वेरिनो यास,
अ. उ. आ.

दीड महिना लिहिलं नाही, कारण रागावले होते. नंतर राग गेला आणि लाज उरली. किल्ली दिली. पीठ झाडून दिली.

काम चाललं तेव्हा मी शेजारीच बसले होते. विश्वास नव्हताच, तिच्या बोटांवरची नजर हलवली नाही. कापड सुटलं आणि आई कापडावर आली. मला रडू फुटलं. देल्फिनाबाईंनी स्वतःचा रुमाल दिला. बाई खरंच सज्जन आहे, पण हे तिला सांगू नकोस.

मग तिने मला भिंतीजवळ बोलावलं. रंगाखाली गिलाव्यावर बाबांचं अक्षर होतं, गवंड्याच्या पेन्सिलीचं. लिहिलं होतं: ग्वेरिनोसाठी. आर्जियाला आई आठवते.

पंचावन्न वर्षं मी तिला माझी समजून किल्ली कमरेला लावून हिंडले, आणि ती होती तुझी. मला ठाऊक नव्हतं रे.

देल्फिनाबाईंबरोबर चेहरा पाठवते आहे. सोबत काल रात्री संत योहानाच्या सणासाठी केलेल्या पालेभाजीच्या करंज्या आहेत, उकळत्या पाण्यात दोनच मिनिटं टाक. आईला खुर्चीसमोर लाव, बसल्या बसल्या दिसेल अशी. तुझी हनुवटी तिच्यासारखी आहे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. शेजारी आरसा धरून बघ.

तुझी,
ताई