देवीचं ऐकलं, आईचं नाही

गोडादरा, सुरत
१२ एप्रिल १९९३

ती. आप्पांना गायत्रीचा नमस्कार.

सोनाली आता बरी आहे, हे आधी वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

आता माझा संताप ऐका. "शिकलेलं घर आहे," म्हणून तुम्ही मला इथं दिलंत ना? मागच्या आठवड्यात सोनालीला गोवर निघाला, तर तुमच्या बी.एस्सी. जावयांनी दाराला कडुलिंबाचा पाला बांधला आणि घरातली फोडणी बंद केली. "देवी आलीय, औषध दिलं तर कोपेल," म्हणे! चौथ्या दिवशी पोरीला श्वास घेववेना. मी रडले, भांडले. काही उपयोग नाही.

सासूबाईंना सहीसुद्धा येत नाही. पण "दवाखान्यात ने" असं त्यांनी दोनदा सांगितलं. "आई, तुला काय कळतं?" एवढंच उत्तर मिळालं.

मग देव्हाऱ्यापुढे बसल्या बसल्या त्यांनी केस सोडले आणि त्या घुमायला लागल्या. "मना लेकरूले दवाखानामा लई जाय!" हे झटकन पाया पडले आणि रिक्षा आणायला पळाले! छातीत कफ भरला होता. तीन दिवस सुया दिल्या.

दवाखान्यातल्या बाकावर मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्याबाई, खरंच देवी आली होती?"

केस बांधत त्या म्हणाल्या, "ते देवीले इचार. मनं तर तो ऐकतच नही."

तुमचा खोकला कसा आहे? धाकटीसाठी स्थळ बघताना मुलाची डिग्री मागाहून विचारा. आधी तो आईचं ऐकतो का, ते बघा.

तुमची वैतागलेली लेक,
गायत्री