आप्पासाहेबांची ब्यूक

घोडेगाव,
रविवार, २३ एप्रिल १९७२

प्रिय गोरख,

हे पत्र हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मागच्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, त्याचा राग आज मी बाजूला ठेवलाय. आज राग धरायला सवडच नाही. घरी आल्यापासून दोनदा चहा उतू घालवला. अरे, मी नगरहून घोडेगावपर्यंत ब्यूक गाडीतून आले! तीही पुढच्या सीटवर बसून!

तू हसशील. आक्काला एसटी आणि ट्रक यांतला फरक लांबून कळत नाही, ती मोटारीचं काय सांगणार? महिन्यापूर्वी खरंच काही कळत नव्हतं. मग एका दुपारी शाळेसमोर एक लांबलचक निळी गाडी पाण्यासाठी थांबली. पोरं वर्ग सोडून पळाली, त्यांच्यामागे मी रागवायला गेले आणि मीच बघत उभी राहिले. पुढची जाळी म्हणजे दात काढून हसणारं तोंड. बॉनेटच्या दोन्ही अंगांना चार-चार गोल भोकं, त्यांना चकचकीत कड्या. बाबाजान म्हणून नगरचे सत्तरीतले ड्रायव्हर आहेत, ते बादली घेऊन उतरले आणि पोरांना म्हणाले, "मोजा, मोजा. तीन भोकांची बी येती, ती धाकटी. ही चाराची. रोडमास्टर!" एवढ्या ऐटीत म्हणाले की आमच्या हेडमास्तरांना बदलीनंतर हाच हुद्दा मिळावा असं वाटलं.

पाणी भरून झाल्यावर ते डावीकडच्या दारानं आत बसले, कारण अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. किल्ली फिरवली आणि नुसता पाय दाबला. "याला येगळा स्टार्टर न्हाई बाई. ॲक्सिलेटर दाबला की उठतीया." गाडी उठली आणि आवाज न करता निघालीही. त्या वेळी मी बाबाजानांच्या पायांकडे पाहत होते. का, ते सांगते, पण आधी गाडीचं ऐक.

त्या दिवसापासून मी दर रविवारी नगरला जातेय. आप्पासाहेब बागाईतदारांचा सावेडीच्या रस्त्याला बंगला आहे, गाडी त्यांची. पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेतल्या पोरांना मोटारीवर धडा द्यायचाय असं खोटं सांगितलं. आप्पासाहेबांना एवढं पुरलं. मोसंबी फार पिकली त्या साली, एकोणपन्नासात, त्यांच्या वडिलांनी ती मुंबईच्या गोदीतून उतरवून घेतली होती. ती गोष्ट त्यांनी मला पहिल्या रविवारी सांगितली, दुसऱ्या रविवारीही सांगितली, आणि मीही दोन्ही वेळा नव्यानं ऐकली. बॉनेट डावीकडूनही उघडतं आणि उजवीकडूनही. आत आठ सिलिंडर एकापाठोपाठ एक रांगेत उभे आहेत, म्हणून नाक एवढं लांब.

गंमत ऐक. ज्याच्या नावाची ही गाडी, तो ब्यूक मुळात नळकाम करणारा माणूस. अंघोळीच्या लोखंडी टबांवर पांढरा मुलामा चढवायची नवी रीत त्यानं शोधली. मग मोटारींच्या नादाला लागला, कंपनी काढली, आणि ती जगभर पोचली तेव्हा तो तिच्यात राहिलाच नव्हता. आप्पासाहेबांकडे कंपनीचं जुनं पुस्तक आहे. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात रणगाड्यांसारखी लढाऊ वाहनं बनली आणि या गाडीच्या गिअरची विद्या तिकडूनच आली, असं ते म्हणाले. रणगाडा हा शब्द ऐकला आणि मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आप्पासाहेबांनी विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "माझा भाऊ रणगाड्यावर ड्रायव्हर होता. डिसेंबरच्या लढाईत, शकरगडला." मग धड्याचं खोटं तिथंच संपलं. मी त्यांना सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल मी परक्या माणसाशी बोलले, रागावलास तर रागाव.

या गिअरला डायनाफ्लो म्हणतात. बाबाजानांनी मला दोन पंखे समोरासमोर धरून समजावलं. एक पंखा इंजिन फिरवतं, त्याच्यापुढचं तेल झोतानं दुसऱ्या पंख्यावर आदळतं आणि तो चाकं फिरवतो. मध्ये लोखंडाला लोखंड लागतच नाही, म्हणून झटका नाही. स्टिअरिंगपाशी एक दांडी आहे, ती एकदा ओढून ठेवायची. मग घोडेगावच्या बाजारात बैलांच्या मागं मुंगीसारखी चालवा नाहीतर सडकेवर सोडा, गिअर बदलायची भानगड नाही.

एवढी गुणाची गाडी आप्पासाहेब विकायला निघाले होते, हे मला मागच्या रविवारी कळलं. मुंबईचा एक भंगारवाला बघूनही गेला. बाबाजानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन, त्यानंतर ते गाडी सोडणार. दुसरा ड्रायव्हर टिकत नाही. तीन जण येऊन गेले, तिघंही वर्षानुवर्षं ट्रक चालवलेले. तिघांनी एकच चूक केली. सवयीनं डाव्या पायानं या गाडीला नसलेला क्लच शोधायला गेले आणि रुंद ब्रेकवर दाणकन पाय दिला. तिसऱ्याच्या वेळी आप्पासाहेबांच्या आई पुढच्या सीटवर आपटल्या, कपाळाला टेंगूळ आलं. म्हातारी म्हणाली, "आता एकतर ही गाडी राहील न्हाईतर मी."

मी तिथल्या तिथं म्हटलं, "आठ दिवस थांबा. बाबाजान डावा पाय वर घेऊन नगर ते घोडेगाव गाडी चालवून दाखवतील." बाबाजानांना मी आधी विचारलंसुद्धा नव्हतं! ते म्हणाले, "चालवतो की. त्या पायाला हितं कामच काय हाय?"

आज सकाळी निघालो. बाबाजानांनी डाव्या पायाची चप्पल काढली आणि पाय सीटवर घेऊन मांडी घातली, जेवायला बसल्यासारखी. मागं आप्पासाहेब आणि हट्टानं आलेल्या त्यांच्या आई. उजवीकडे मी, कारण पुढच्या ट्रकला मागं टाकायचं तर समोरचा रस्ता उजवीकडूनच दिसतो. "या... थांबा... आता या!" असं ओरडून माझा घसा बसलाय. इमामपूरच्या घाटात बाबाजानांनी दांडी एक घर खाली ओढली आणि गाडी स्वतःला आवरत वळणं उतरली. मध्येच एक शेळी आडवी आली, तेव्हाही उजव्या पायानंच ब्रेक. मांडी मोडली नाही. घोडेगाव आलं तेव्हा आप्पासाहेबांच्या आईला डुलकी लागली होती.

आता मी का लिहितेय ते. फेब्रुवारीत तुला भेटायला आले तेव्हा तू चादर कमरेपर्यंत ओढून घेतलीस आणि तासभर आपण भुईमुगाबद्दल बोललो. मग तुझं कार्ड आलं की मी आता कशाच्या कामाचा नाही, गावाला येणार नाही, कुणी भेटायला येऊ नका. आईला ते मी वाचून दाखवलं नाही. चार महिने आपण तिघंही तो शब्द टाळतोय, म्हणून आज मीच लिहिते. सुरुंगानं तुझा डावा पाय गेला, गोरख. या गाडीला दोनच पेडल आहेत आणि दोन्ही उजव्या पायाची. डावीकडे काही नाही, मी वाकून हात फिरवून पाहिलंय. लायसनचंही नगरच्या कचेरीत विचारून आले. साहेबांपुढं याच गाडीवर चालवून दाखवावं लागेल, ते कठीण जाईल, पण तू दाखवशील. नवा पाय लावायचा की नाही ते तुझं तू ठरव, गाडी त्याच्यासाठी अडून बसलेली नाही. घोडेगावला उतरल्यावर आप्पासाहेब काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते: "बाई, तीन धडधाकट माणसं बघितली, तिघांचाही डावा पाय आडवा आला. तुमच्या भावाला घेऊन या." भंगारवाल्याला ते नाही म्हणून कळवणार आहेत. पुढच्या रविवारी बाबाजान आणि मी गाडी घेऊन पुण्याला येतोय, परवानगीसाठी डॉक्टरसाहेबांना वेगळं पत्र टाकलंय. नको म्हणून कळवायला तुझ्याकडे वेळ उरणार नाही, हे बघूनच हे पत्र मी उद्या न टाकता परवा टाकणार आहे. तेव्हा दाढी करून तयार राहा.

तुझीच,
पुष्पाआक्का