राखणीला बसलेली मनी

१७ फेब्रुवारी, सोमवार
मिळाला तास! प्राचार्य म्हणाले, "शरयू मॅडम, मार्चअखेरपर्यंत करून बघा. नुसत्या गप्पा झाल्या तर बंद."
स्वयंअध्ययन — दुपारी अडीच ते साडेतीन. शिकवायचं नाही. बी.एड.च्या पोरापोरींनी विषय आपला आपण शोधायचा, त्यावर पाठाचं टाचण लिहायचं. मी फक्त बसायचं.
याच ग्रंथालयात, याच खिडकीशी बसून वीस वर्षांपूर्वी मी बी.एड. केलं. साताऱ्याहून आलेली, वसतिगृहात बावरून राहणारी. या दिवसांत तासगावचा वारा गोडसर असतो, जिकडेतिकडे बेदाणा वाळत असतो. आज तो वारा आत आला आणि मी उगीच सुखावले.

२० फेब्रुवारी
सहा जण आले. कोणी बोललं नाही. पंखा कुरकुरत होता. झोप आणि विचार यांच्या मधे कुठंतरी तास गेला. छान गेला.

२५ फेब्रुवारी
अनीश म्हणाला, "मॅडम, कुठला धडा घेऊ तेवढं सांगा की." सांगितलं नाही. त्याचा जीव कासावीस. माझाही.

३ मार्च, सोमवार
टाचणं आली. अनीशचं — 'द्राक्षापासून बेदाणा', इयत्ता सहावी. द्राक्षं अंगणात कडक उन्हात पसरतात आणि राखणीला मनी मांजर बसते. मनी! ते अंगण डोळ्यांपुढे आलं, ओळखीचं वाटलं. 
मग वर्गातल्या ब्राह्मीची वही उघडली. तिथंही मनी. चार वह्यांत तीच मनी, त्याच उन्हात.
संतापले. तशीच प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "नक्कल करणाऱ्यांची यादी गुरुवारी द्या. त्यांना पाठाचे गुण शून्य. आणि तुमचा तो तासही बंद." कशाला बोलायला गेले मी!

४ मार्च
ब्राह्मी इथलीच. घरची बेदाण्याची शेड. तिला विचारलं, तुम्ही उन्हात वाळवता?
"न्हाई मॅडम. उन्हात काळा पडतोय. सावलीत, जाळीवर, वाऱ्यानं वाळतोय. आन मांजर शेडात शिरलं तर पप्पा काठी घिऊन धावत्यात."
मग हे का लिहिलंस?
"वहीत तसंच हाय. लय जुनी वही हाय, वरच्या वर्गाकडनं आलेली. तिच्यावर गुण पडत्यात. आपल्या मनानं लिवलं आन चुकलं तर?"
डोळे भरले तिचे. ती जुनी वही घेऊन ये, एवढंच म्हटलं.

५ मार्च
ब्राह्मीनं वही आणली. सोबत, न मागता, स्वतःचं नवं टाचणही. शेडमधलं. जाळीखाली उभं राहिलं की वारा कुठून येतो, हा पहिला प्रश्न. तीनदा वाचलं. दुपारभर मनानं मी त्याच शेडमध्ये होते. वही पिशवीतच राहिली.

६ मार्च, गुरुवार
सकाळी वही उघडली. कव्हर गेलंय, नावाचं पान फाटलंय. अक्षर माझं आहे.
मनी माझी नाही. आमच्या घरी मांजर कधीच नव्हतं. मनी मी राजमतीताईंच्या वहीतून उतरवली होती — त्या मला एक वर्ष पुढे होत्या.
यादी लिहायला घेतली. पहिलं नाव माझं घातलं.